नाबोरच्या चटणीबद्दल शेवटचं

पोर्तालेस, मेक्सिको सिटी
शनिवार, दुपार

प्रिय लालाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, तिबुर्सियोचा, गुडघा टेकून नमस्कार. (एकच टेकलाय. दुसरा वाकत नाही, हे तुला ठाऊक आहे.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? तुमच्याकडचा ज्वालामुखी पुन्हा राख टाकायला लागलाय असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा कपडे आत वाळत घाल आणि दाजींना गच्चीवर चढून बघत बसू देऊ नकोस. आमच्याकडे सगळं ठीक. ओफेलिया ठीक, मांजर ठीक, एक माझं ब्लडप्रेशर सोडलं तर सगळं ठीक, आणि ते का ठीक नाही हे सांगायलाच लिहायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच 'बरं बरं, जेवलास का?' असं विचारतेस आणि माझा राग निम्म्यावर येतो. मला तो निम्म्यावर आणायचा नाहीये. मला तो अख्खा हवाय.

ताई, नाबोरशी माझं वाजलं. कायमचं.

हो, तोच नाबोर, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापुढे टाकोची गाडी लावतो तो. एकतीस वर्षं मी ज्याच्या हातचे टाको खाल्ले तो. ज्याच्या युरिदियाला बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हातात धरलं (आणि तिने माझ्या एकुलत्या एका कोटावर दूध ओकलं) तो. पोरीचा एक बाप घरातला, एक देवासमोरचा, म्हणजे मी. आणि त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांचे कोंपाद्रे. त्याआधी बसच्या वर्कशॉपात, मी सीटा शिवायचो आणि तो इंजिनाखाली झोपायचा तेव्हा, आम्ही एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचो. पण बाप्तिस्मा झाला आणि त्या दुपारपासून अहो-जाहो. आपल्यात रीतच आहे ती. अठ्ठावीस वर्षं, ताई, एक दिवस चुकलो नाही. 'कोंपाद्रे, कांदा घालू का तुम्हाला?' 'घाला की हो, कोंपाद्रे.' सख्ख्या भावांनी बघून शिकावं असं वागलो आम्ही.

आणि भांडणाला मुहूर्त तरी काय मिळाला बघ. पुढच्या रविवारी युरिदिया स्वतःचं दुकान उघडतेय. गाडी नव्हे, दुकान. चार टेबलं, वर पत्रा, भिंतींना निळा रंग. पाद्री येऊन पाणी शिंपडणार आणि मग एकेका गोष्टीचा एकेक मानकरी. सळईवर फिरणारा मांसाचा भोवरा पहिल्यांदा कापायचा मान तिच्या सासऱ्याचा, टेबलांचा मान तिच्या मावशीचा, आणि चटण्यांचा मान माझा. म्हणजे काय, तर सगळ्या गल्लीसमोर उभं राहून चारही चटण्या चमच्याने चाखायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायचं, ही झोंबते, ही झोंबत नाही, हिला मीठ कमी आहे. मी 'हं' म्हटल्याशिवाय पहिला टाको बनायचा नाही. नाताळात पोरीने स्वतः घरी येऊन विचारलं होतं, आणि मी आपल्या आईचा दगडी खल तिला द्यायचं कबूल करून बसलोय. (तोंड वाकडं करू नकोस. खल माझ्या वाटणीला आला होता. आईने चटणी चाखायला आपल्या पाच भावंडांतून मलाच निवडलं होतं, तुला नाही, आणि पंचावन्न वर्षं झाली तरी तू ते विसरत नाहीस.) तेव्हा आता मी रविवारी तिथे जाऊन त्या माणसाच्या शेजारी उभा राहू, की पोरीचा मान मोडून घरी बसू, हा प्रश्न आहे. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पण आधी काय झालं ते ऐक.

जानेवारीत मला तो ताप येऊन गेला, आठवतं ना? तू बोगनवेलीच्या फुलांचा काढा करायला फुलं पाठवली होतीस. (काढा अगदीच पाणचट झाला, पण तुझी माया पोचली.) पंधरा दिवसांनी अंथरुणातून उठलो तो आधी नाबोरची गाडी गाठली, आणि पहिल्याच घासाला कळलं की माणूस बदलला. चटणी म्हणजे निव्वळ लाल पाणी! आता मी काही असंस्कृत नाही. मी हळूच म्हटलं, 'कोंपाद्रे, आज मिरची घालायची राहिली वाटतं.' त्याने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, 'असेल हो. उद्या बघा.' उद्या तेच. परवा तेच. रोज मी सांगायचं, रोज त्याने 'उद्या बघा' म्हणायचं. फेब्रुवारी गेला, मार्च निम्मा गेला. माणूस म्हातारा झाला की हात आखडतो हे मला मान्य आहे, पण माझ्या तोंडावर? माझ्या, ज्याने त्याची पहिली चटणी, गाडीला चाकं लागायच्या आधी, आपल्या वर्कशॉपातल्या पत्र्याच्या डब्यावर बसून चाखली होती?

मग आला मागच्या आठवड्यातला गुरुवार. संध्याकाळचे सहा. पूर्वी त्या वेळेला गाडीभोवती पाय ठेवायला जागा नसे; त्या दिवशी मोजून चार गिऱ्हाइकं. मनात म्हटलं, कसं येईल कोणी, असलं पाणी प्यायला? त्या चौघांतली एक बाई डोळे पुसत होती आणि एक तरुण तोंड उघडं टाकून हाताने वारा घेत होता. (धूर फार होता त्या दिवशी.) मी टाकोवर चटणी ओतली. एक पळी, दोन पळ्या, तीन. त्या बाईने माझ्याकडे बघून छातीवर क्रूस काढला. मी खाल्ला. काही नाही! कागद चावावा तसं. आणि ताई, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो, 'काय रे नाबोर, चटणीत पाणी ओततोस? लोकांना फसवतोस? हात चालत नसेल तर घरी बस की मेल्या!'

हो, 'काय रे' म्हटलं. अठ्ठावीस वर्षांचं अहो-जाहो मी एका दमात नळाखाली धुऊन टाकलं, तेही चारचौघांत. आणि त्याने काय करावं? त्याने भांडावं ना? सुरा आपटावा, माझी लाज काढावी, माझं लग्न कसं ठरलं ते गल्लीला सांगावं! नाही. त्याने सुरा फडक्याला पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, 'कोंपाद्रे, बसा. पाणी प्या थोडं.' म्हणजे अजून अहो-जाहो! तिथे माझं उरलंसुरलं डोकं सटकलं. समोरचा मान देत असला की भांडणाची सगळी लाज एकट्याच्या पदरात पडते. मी ताटली दाणकन आपटली (प्लास्टिकची, त्यावर धुवायला लागू नये म्हणून पिशवी चढवलेली, त्यामुळे आवाज झाला नाही) आणि निघालो. निघताना बाकीच्यांना 'सावकाश जेवा' म्हणायची आपली रीत मात्र चुकवली नाही. म्हटलं, 'जेवा, जेवा, सावकाश जेवा हे पाणी.'

घरी येऊन ठरवलं की टाको काही एकट्या नाबोरच्या मालकीचे नाहीत. आपल्या वस्तीत दर कोपऱ्याला टाकोवाला आहे. दुसरा शोधू, आणि पोरीच्या उद्घाटनाच्या आत शोधू, म्हणजे सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन सांगता येईल की चटणी अशी असते.

शुक्रवारी चर्चमागच्या दुकानात गेलो. तिथला पोऱ्या... म्हणजे पोऱ्या कसला, चाळिशीचा घोडा, मला म्हणतो, 'या गोरेशेठ, काय देऊ?' गोरेशेठ! आपल्या घराण्यात गोरी होती ती फक्त भिंत, तीही चुन्याने. हे टाकोवाले ओळख नसली की सगळ्यांनाच गोरं करून टाकतात, ते मला कळतं. पण अठ्ठावीस वर्षं ज्याला 'कोंपाद्रे' म्हणून हाक आली त्याला अनोळखी रांगेत उभं राहून गोरेशेठ व्हावं लागतं तेव्हा कसं वाटतं ते मलाच माहीत. मग हा महाशय भोवऱ्याच्या टोकावरच्या अननसाला सुरा लावतो आणि फोड हवेत उडवून टाकोत झेलायला जातो. फोड माझ्या शर्टाच्या खिशात. तो म्हणतो, 'नशीबवान आहात शेठ, दुसरी फुकट!' नाबोरची फोड एकतीस वर्षांत जमिनीवर पडलेली मी बघितली नाही. आणि टाको? मऊ होता, गरम होता, आणि त्यापुढे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. चटणीचं नावच काढू नकोस.

गेल्या रविवारी दुपारी ओफेलियाने मला एका नव्या दुकानात नेलं, जिथे आधी शिंपी बसायचा. झाडं टांगलेली, भिंतीवर गाईचं चित्र. तिथे मात्र, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. चांगलं भाजलेलं, दाताखाली येणारं काहीतरी. चटणी तिथेही पाणीच, पण मी मोठ्या मनाने चार टाको खाल्ले आणि दुकानातल्या मुलीला बोलावून म्हटलं, 'मुली, या गल्लीत डुकराचं मांस कसं भाजावं हे कळणारी तू एकटी. कुठून आणतेस?' ती लाजली. म्हणाली, 'काका, आमच्याकडे मांस नसतं. अळंबी आहे ती.' अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. ओफेलिया टेबलाखाली बघायला लागली. त्या भिंतीवरच्या गाईच्या तोंडाखाली काय लिहिलं होतं ते मी तेव्हा वाचलं, आणि ते काही मी तुला लिहून कळवणार नाही. आता तूच सांग, ही फसवणूक नाही? अळंबीने अळंबीसारखं लागायला नको? मी तक्रारीची वही मागितली. वही नव्हती. मी कागदी रुमालावर तक्रार लिहून दिली.

घरी यावं तर घरात वेगळंच. सोमवारी ओफेलिया बाहेर गेली आणि मला चुलीवरच्या घेवड्यापाशी बसवून गेली. मी बसलो. पातेल्यापासून दोन हातांवर, खुर्ची टाकून, रेडिओ ऐकत. ती परत आली ती जिन्यातूनच किंचाळत. म्हणे तिसऱ्या मजल्यापर्यंत जळल्याचा वास येतोय, आणि तुम्ही शेजारी बसून काय करताय? मला कसला वासबिस आला नव्हता. मी म्हटलं, बायकांना वास जास्त येतात. त्यावर ती भांडली नाही. खाली बसली आणि माझ्याकडे तशीच टक लावून बघायला लागली, नाबोर बघायचा तशी. हल्ली सगळे माझ्याकडे तसंच बघतात. तिच्याही सूपाला हल्ली मीठ नसतं, पण मी बोललो नाही. एका वेळेला एक भांडण पुरे.

मंगळवारी सायकलवरून टोपलीतले टाको विकणारा आला. निळ्या प्लास्टिकखाली वाफाळलेले, तूही आवडीने खायचीस. मी तीन घेतले, एक बटाट्याचा, एक घेवड्याचा, एक डुकराच्या कातडीचा. तिन्ही एकसारखे! मी त्याला म्हटलं, 'अहो, एकच सारण भरून तीन नावं लावता काय?' तो म्हणाला, 'दादा, वीस वर्षं विकतोय. कोणता कुठला ते आंधळासुद्धा सांगेल.' मी म्हटलं, 'मी आंधळा नाही!' तो म्हणाला, 'तेच तर.' आणि पायडल मारून निघाला. या शहरात कुणाला आता म्हाताऱ्या माणसाशी बोलायची पद्धत राहिलेली नाही.

आता कालचं ऐक, म्हणजे शुक्रवारचं, आणि ऐकताना बसून घे. सकाळी बाजारात क्रेसेन्सियाबाईंच्या बाकावर गेलो. तिथे गाईच्या डोक्याचे टाको मिळतात, गाल, डोळे, जीभ, जे मागाल ते. मी जीभ मागितली. बाईंनी टाको समोर ठेवला आणि पाठ वळवली. पुढ्यात चार वाट्या, त्यातल्या एका छोट्याशा वाटीत काळसर तेलकट काहीतरी, त्यात लाकडी काडी. मी काडी बाजूला ठेवली आणि वाटी टाकोवर पालथी केली. बाई वळल्या आणि ओरडल्या, 'अगं बाई! अहो, त्यातला एक थेंब टाकायचा असतो! तो आम्ही पातेलंभर रश्श्यात घालतो!' पण घास आत गेला होता. ताई, माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांत शिट्टी, आणि पोटात गेल्यावर जे झालं ते मी बहिणीला लिहू शकत नाही. दोन तास उचकी. बाईंनी मिठाचं लिंबू तोंडात पिळलं, कुणी दूध आणलं, कुणी पाद्र्याचं नाव काढलं. आणि एवढं सगळं होत असताना जिभेवर काय होतं? काही नव्हतं. एवढुसंसुद्धा नाही.

शेजारी वुल्फ्रानो बसले होते, आपल्या भागातले निवृत्त पोस्टमन. माझी पाठ चोळता चोळता म्हणतात कसे, 'तरीच! आता कळलं तुम्ही नाबोरची चटणी कशी पचवत होता ते. आम्ही तर सोडलं बुवा त्याच्याकडे जाणं. फेब्रुवारीपासून त्याच्या चटणीने तोंड भाजून निघतं. माझा भाऊ तीन दिवस आजारी होता.' मी उचकीतून म्हटलं, 'वुल्फ्रानो, ती चटणी म्हणजे पाणी आहे.' ते म्हणाले, 'पाणी? त्या चटणीने माझा भाऊ देवाशी बोलायला लागला होता.' आता माणसाने खोटं बोलावं, पण किती? हे सगळे एकमेकांना सामील आहेत, ताई. चर्चमागचा, अळंबीवाली, सायकलवाला, पोस्टमन, सगळे. या वस्तीतल्या चटणीतला दमच गेलाय आणि ते कबूल करायची कुणाची छाती नाही.

तेव्हा माझा निर्णय झालाय. रविवारी मी जाणार नाही. युरिदियाला सांगेन गुडघा दुखतोय. खल ओफेलियाच्या हाती पाठवीन. नाबोरशी माझा संबंध संपला, आणि या विषयावर मी आता एक अक्षर लिहिणार नाही.

दाजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. तुझ्या कंबरेला गरम विटेचा शेक दे.

तुझा रागावलेला (आणि अजून उचक्या देणारा) भाऊ,
तिबुर्सियो

ता. क. ओफेलियाने पत्र वाचलं. म्हणाली, खरं लिहा, नाहीतर मी लिहीन. बरं. लिहितो. तीन आठवड्यांपूर्वी तिने मला डॉक्टरकडे ओढून नेलं होतं. त्याने माझ्या नाकाखाली कॉफी धरली, लवंग धरली, शेवटी स्वतःचा मोजा धरला असता तरी मला कळलं नसतं. म्हणे तो जानेवारीतला ताप जाताना वास, चव आणि जिभेवरचं झोंबणं, तिन्ही घेऊन गेला. सहा महिन्यांत येतीलही, म्हणे, नाही आले तर नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही स्वतः उकडलेली कोंबडी खाणारे, तुम्हाला चवीतलं काय कळतं? आणि घरी येऊन विषय बंद केला. ताई, माझे गुडघे गेले तेव्हा मी बोललो नाही, केस गेले तेव्हा बोललो नाही. पण जीभ? माझ्याजवळ अभिमान वाटावा असं एवढंच होतं. ती गेली असं म्हणायचं, त्यापेक्षा सगळ्या शहराने चटणी बिघडवली असं म्हणणं मला सोपं गेलं. हे कुणाला सांगू नकोस. दाजींना तर मुळीच नाही.

ता. क. आणि वुल्फ्रानो बाकावर आणखी एक बोलले होते, ते मी वर लिहिलं नाही. ते म्हणाले, 'मी नाबोरला विचारलं, एवढी मिरची का घालतोस बाबा, गिऱ्हाइकं पळाली की सगळी. तर म्हणाला, माझ्या कोंपाद्रेंना अशीच लागते.'

मला एवढा राग आला, ताई, एवढा राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. शेवटी क्रेसेन्सियाबाईंच्या लिंबावर काढला.

ता. क. म्हणून आता खरी विनंती. रविवारच्या आधी ये. शनिवारच्या बसने ये. मला जायचंय गं तिथे. पोरगी वाट बघेल. तू माझ्या डाव्या बाजूला उभी राहा, माझ्या आधी हळूच बोट बुडवून चटणी चाख, आणि माझ्या पायावर पाय दे. एकदा दिलास तर झोंबत नाही, दोनदा दिलास तर झोंबते, टाच दाबलीस तर मीठ कमी. बाकी आवाज मी लावतो, तो अजून शाबूत आहे. आणि हे तुलाच का सांगतोय, तर आता लिहूनच टाकतो. आईने मला निवडलं ते माझी जीभ चांगली म्हणून नव्हे. तू चाखायचीस आणि खरं सांगायचीस, 'आई, मीठ कमी, टोमॅटो कच्चा.' मी चाखायचो आणि दरवेळी 'मस्त!' म्हणायचो. दमलेल्या बाईला कोणतं पोर आवडेल? जीभ तुझीच होती. पंचावन्न वर्षं मला माहीत आहे.

ता. क. मंगळवार सकाळ. बस सुटायला अर्धा तास आहे, पत्र ड्रायव्हरच्या हातात द्यायचंय, तेव्हा घाईत लिहितोय. काल दुपारी युरिदिया आली. एक वाटी घेऊन. मला, तिच्या देवासमोरच्या बापाला, म्हणाली, 'पदरिनो, रविवारच्या आधी एकदा बघा ना कशी झालीय.' मी चमचा घेतला, चाखली, डोळे मिटले, ओठ पुसले आणि म्हटलं, 'मस्त! चांगली झोंबतेय!' पोरीने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, 'पदरिनो, यात मिरची नाहीये. मीठपण नाहीये. नुसता टोमॅटो उकडून आणलाय मी.' आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, रडायचं असेल तर मी रडतो, मी मोठा आहे. मग तिने सगळं सांगितलं. नाबोरला फेब्रुवारीतच कळलं होतं. पहिल्या आठवड्यात! 'बाबा म्हणाले, तोंडावर कसं सांगू त्यांना? म्हणून रोज दोन मिरच्या वाढवत गेले. म्हणायचे, कधीतरी एक दिवस लागेल कोंपाद्रेंना.' एकतीस वर्षांची गिऱ्हाइकं घालवली त्या माणसाने, ताई. रोज दोन मिरच्या. आणि मी त्याला म्हटलं पाणी ओततोस.

असा राग आला मला की चपला उलट्या घालून निघालो. गाडीपुढे कुणी नव्हतं. तो कांदा चिरत बसला होता. मी म्हटलं, 'कोंपाद्रे, तुम्ही एक नंबरचे गाढव आहात!' त्याने वर बघितलं. म्हणाला, 'आहेच. तुम्ही बसा. कांदा घालू का तुम्हाला?' मी म्हटलं, 'घाला.' दोघांचेही डोळे वाहत होते. कांदा ताजा होता.

तर चाखायला तू लागणार नाहीस, कारण रविवारी माझ्या डाव्या बाजूला तो उभा राहणार आहे. पायाची खूण मी त्याला शिकवली, त्याला ती फार पसंत पडली. पण तू ये. उजव्या बाजूला उभी राहा, आणि आईच्या खलातली पहिली चटणी सगळ्यांसमोर तू चाख आणि खरं काय ते सांग. आणि येताना दाजींचे ते सिमेंटच्या कारखान्यातले बूट आण, पुढे लोखंडी वाटी असलेले. विसरू नकोस. नाबोरचं वजन एकशे दहा किलो आहे, आणि पोरगी म्हणते चारांतल्या तीन चटण्या झोंबणाऱ्या आहेत.